धुळाआप्पांच्या चार पेट्या

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे क्षमाताई भिड्यांचं. मी तिथं पॅनेल तपासते आणि त्यांचे प्रोग्रॅम लिहिते. साखर कारखान्यांचे पंप, द्राक्षबागांचं ठिबक, दूध संघातले सरकते पट्टे, असं जे जे आपोआप चालू-बंद व्हायला हवं, त्याचं डोकं आम्ही बनवतो. वाईहून सांगलीत येऊन मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका दुपारी धुळाआप्पा लवटे आमच्या दारात उभे राहिले.

पंचेचाळिशीचा उंच माणूस. कपडे धुतलेले, पण कानामागच्या सुरकुत्यांत दगडाची पांढरी भुकटी तशीच बसलेली. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मी 'कोण पाहिजे' म्हणेपर्यंत ते सरळ क्षमाताईंच्या टेबलापाशी गेले आणि टॉवेल सोडला. आत पोलादी नळीचा वीतभर तुकडा होता, एका टोकाला जाड आटे पाडलेले.

"म्याडम, ह्यो बोअरच्या गाडीचा रॉड. आख्खा वीस फुटी आसतोय. ह्येला मानसाचा हात न लागता ह्यो जोडता यील का?"

क्षमाताईंनी तुकडा उचलून आट्यांवरून बोट फिरवलं. "कशासाठी?"

"आमच्यातल्या एकाचा हात गेला."

एवढंच बोलले. बाकीचं मला फार पुढं कळलं, पण इथंच सांगते.

आप्पांचं गाव वडूजच्या पलीकडं, खटाव तालुक्यात. घरची मेंढरं. लहानपणी दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाखाली जायचं आणि पाऊसकाळ्याला परत यायचं. त्यामुळं शाळा चौथीतच सुटली. सतरा-अठराव्या वर्षी ते एका माळावर मेंढरं बसवून होते, तिथं बोअरची गाडी आली. गाडीवरचे लोक तमिळ. तिसऱ्या दिवशी रॉडच्या टोकाचा, खडक फोडणारा त्यांचा हॅमर दीडशे फुटांवर अडकला. रॉड वर येईना, खाली जाईना. आप्पा कडेला बसून ऐकत होते. त्यांनी खुणेनं सांगितलं, की काल हा आवाज असा नव्हता; खालून पोकळ वाजायला लागलं आणि तुम्ही तसंच दाबत राहिलात. गाडीवाल्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं या माणसाला ठेवून घेतलं. मेंढरं धाकट्या भावाकडं गेली.

पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं आप्पांनी जमिनीचा आवाजच ऐकला. 'तांबड्यात हॅमर गप हुतोय, काळ्यात ठनाठना वाजतोय, मांजऱ्या दगडात भांडं वाजवल्यागत,' असं ते सांगायचे. विट्याच्या दादासोंच्या गाडीवर ते लिव्हर धरायला बसले तेव्हा लोक दादासोंना फोन करून म्हणायचे, गाडी पाठवा, पण धुळा असेल तर पाठवा.

त्याच गाडीवर सिद्धू होता. सिद्धू म्हणजे आप्पांच्या बायकोचा, मायावहिनींचा, धाकटा भाऊ. वय सव्वीस, अंगानं पैलवान. त्याचं काम रॉड जोडायचं. एक रॉड जमिनीत गेला की वरचं फिरतं डोकं सोडवून उंच न्यायचं, दोरानं नवा रॉड उचलायचा, दोन्ही हातांनी तो खालच्या रॉडवर सरळ धरायचा आणि आटे लागले की हात काढून घ्यायचा. हात निघाला, की सिद्धूनं डावा हात वर करायचा. मग आप्पांनी लिव्हर ओढायची, की डोकं खाली येऊन रॉड फिरायला लागे. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही खूण.

आटपाडीजवळ एप्रिलमध्ये एका दुपारी अकरा रॉड उतरले होते आणि बारावा जोडायचा होता. वारा फिरला आणि भुकटीचा लोट गाडीवर आला. त्या लोटात आप्पांना काहीतरी वर गेल्यासारखं दिसलं. त्यांना वाटलं, सिद्धूचा हात. त्यांनी लिव्हर ओढली.

सिद्धूच्या उजव्या हाताची तीन बोटं आणि अर्धा तळवा गेला.

मिरजेच्या दवाखान्यात मायावहिनी आल्या. आप्पा पायऱ्यांवर बसले होते. वहिनींनी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "लिव्हर माझ्या हातात हुती."

"मला ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. "उठा. त्यो पानी मागतोय, तेला पानी पाजा."

आप्पांनी पाणी पाजलं. सिद्धू गुंगीतच पुटपुटला, "धूळ हुती, दाजी."

"धूळ हुती म्हनूनच थांबाया पायजे हुतं," आप्पा म्हणाले.

गावातल्या चार जणांनी त्यांना सांगितलं, आता हे काम सोड, मेंढरं बघ. त्यांनाही ते पटलं होतं. पण मग त्यांच्या मनात आलं, आपण उठलो तर त्या जागी दुसरा कोणी बसेल. रॉड तोच राहील, धूळही तीच. सिद्धूच्या जागी दुसऱ्या कुणाचा हात असेल. दोन महिन्यांनी ते रॉडचा तुकडा कापून घेऊन सांगलीला आले. आमच्या वर्कशॉपचा पत्ता त्यांना एका द्राक्षवाल्यानं दिला होता.

क्षमाताईंना माणूस पाहताक्षणी आवडला, पण त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "हे बघा, नव्या मोठ्या गाड्यांवर रॉड उचलणारी यंत्रं कंपनीतूनच बसवून येतात. पण तुमच्याकडच्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षं जुन्या. त्या मोडून कुणी नवी घेणार नाही. आणि जुन्या गाडीवर ते अख्खं धूड बसणार नाही."

आप्पांनी तुकडा परत हातात घेतला. मग म्हणाले, "आख्खं कशाला? आमी पाल एकदम पाठीवर न्हेतो व्हय? दांड्या येगळ्या, कापड येगळं, खुटं येगळं. जागंवर गेलं की जोडायचं."

क्षमाताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं कागदावर वाकून बसलो होतो.

ठरलं ते असं. एक मोठं यंत्र करायचं नाही. चार सुट्या पेट्या करायच्या. प्रत्येक पेटी बोल्टांनी गाडीवर बसेल आणि बोल्टांनीच निघेल. मालकाला पाहिजे तर आज एक बसवेल, पुढच्या हंगामात दुसरी. एक बिघडली तर तेवढीच काढून दुरुस्तीला पाठवायची. पहिली पेटी रॉड घट्ट धरणार, दुसरी तो उचलून जागेवर आणणार, तिसरी खालचा रॉड फिरू न देता आवळून ठेवणार. चौथी स्वतः काहीच करणार नाही. बाकीच्या तिघींना कधी काय करायचं ते सांगणार. आम्ही इंग्रजी नावं शोधत होतो, तोवर आप्पांनी बारसं उरकून टाकलं: पकड, भुजा, पान्हा आणि मुकादम.

अडचण अशी होती की प्रत्येक गाडीचा उभा सांगाडा वेगळा. कुणाच्या भोकांत सहा इंचाचं अंतर, कुणाच्या नऊ. क्षमाताई म्हणाल्या, प्रत्येक गाडीसाठी वेगळी चौकट करावी लागली तर हे कधीच उभं राहणार नाही. आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले. नंतर तीन महिने त्यांचा पत्ता नव्हता. आले ते एक शाळेची चित्रकलेची वही घेऊन. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जिथं जिथं बोअर चालू आहे असं कळलं तिथं ते एसटीनं, मिळेल त्या वाहनानं गेले होते. एकेचाळीस गाड्यांच्या सांगाड्यांची चित्रं त्यांनी काढली होती. आकडे कमी, पण दोरीला गाठी मारून घेतलेली मापं रेघांनी उतरवलेली, एवढी नेमकी की मी ती संगणकावर चढवून दोन गाड्यांशी ताडून पाहिली तेव्हा सूतभरही फरक निघाला नाही.

"एकेचाळीस गाड्या हायती, पन सांगाडं तीनच जातीचं," ते म्हणाले. "पेटी आन सांगाड्याच्या मदी बसवाया तीन लोखंडी पाट्या करा. कुठली ना कुठली बसतीया."

खरोखर तीनच लागल्या. आमच्याकडचे दोन इंजिनिअर हे ऐकून आधी हसले होते. पाट्या बसल्यावर त्यातला एक आप्पांना 'सर' म्हणायला लागला. आप्पांना ते आवडलं नाही. "आप्पा म्हना," एवढंच ते म्हणाले, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचे आप्पा झाले.

पहिली पकड आम्ही दादासोंच्या गाडीवर बसवली, खानापूरच्या माळावर. दोन दिवस सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी तिला रॉड दिसेना. रॉड आला की नाही हे ओळखणारा एक डोळा, म्हणजे सेन्सर, आम्ही तिच्यात बसवला होता. तो ज्या दांडीवर पुढं-मागं होई, तिच्याभोवतीचं रबरी कडं भुकटीनं खाऊन टाकलं होतं आणि आत पीठच पीठ. आम्ही रबर बदललं. पुन्हा तेच. जाड रबर आणलं. तेही चार दिवसांत गेलं.

आप्पांनी घरून घोंगडीचा एक तुकडा आणला. गोल कापून, दोन पदर शिवून, त्यांनी तो दांडीभोवती आवळून बसवला. मला हसू आलं, पण कडं बारा दिवस टिकलं. दांडी आत येताना लोकर तिला पुसून घेत होती. भुकटी लोकरीत अडकायची, आत जायची नाही. झटकलं, धुतलं, वाळवलं की पुन्हा तयार. क्षमाताईंनी त्याचं रीतसर ड्रॉइंग केलं. ती लोकर आप्पांच्या आईची, धोंडुबाईंची. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या अंगणात चातीवर सूत काढत होत्या. आम्ही कशासाठी आलोय ते ऐकून त्यांनी लेकाकडं बघितलं.

"आरं, येंत्राला काय थंडी वाजती व्हय?"

"थंडी न्हाई, आई. धूळ जाती डोळ्यात."

"मंग बरूबर हाय," म्हातारी म्हणाली आणि परत सूत काढायला लागली.

दीड वर्षानं चारी पेट्या तयार झाल्या. दादासोंनी विट्याबाहेरच्या आपल्या आवारात वीस-बावीस गाडीमालकांना बोलावलं. डिसेंबरचे दिवस, रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. आम्ही सकाळपासून गाडी पुसून, तारा नीट बांधून तयार होतो. दहा वाजता मी मुकादमाचं बटण दाबलं. पकडीनं रॉड धरला, भुजेनं तो उचलून फिरवत आणला, पान्ह्यानं खालचा आवळला, आटे अलगद लागले. जवळ एकही माणूस नाही. दुसरा रॉड. तिसरा. मालक लोक गाडीभोवती फिरून बघत होते, फोनवर चित्रण करत होते. मी एकेकाचा चेहरा बघत होते. त्या सगळ्या हालचाली माझ्या प्रोग्रॅमनं चालल्या होत्या.

तासगावकडच्या एका वयस्कर मालकांनी विचारलं, "ताई, ह्या पेट्यांना जोडणारी वायर मधीच तुटली तर?"

"थांबतं," मी म्हणाले. "लगेच थांबतं."

मी ते कधी करून पाहिलं नव्हतं. थांबायला हवं, असं मला वाटत होतं. आणि इतक्या लोकांपुढं मला 'बघावं लागेल' म्हणायचं नव्हतं.

आप्पा गाडीच्या पलीकडं उभे होते. ते म्हणाले, "बघूया की."

रस्त्यावर जाऊन त्यांनी ट्रॅक्टरवाल्याकडून एक ऊस मागून घेतला. जिथं सिद्धूचा हात असायचा, तिथं रॉडच्या तोंडापाशी तो आडवा बांधला. मला म्हणाले, "चालू करा, ताई." मी बटण दाबलं. भुजा रॉड घेऊन निघाली. ती अर्ध्यात आली आणि आप्पांनी मुकादमाकडून येणारी तार हिसडा देऊन उपटली.

भुजा थांबली नाही. शेवटी मिळालेला हुकूम तिनं पुरा केला. रॉड येऊन उसावर बसला, कांडं चिरडलं, आणि रस पान्ह्यावरून खाली ठिबकायला लागला. वर पकडही सैल झाली होती. रॉड तिरका झाला तसे पुढचे लोक मागं पळाले.

थोड्या वेळानं मालक एकेक करून आपापल्या गाड्यांकडं गेले. दादासोंनी केलेलं जेवण तसंच राहिलं.

क्षमाताई जीपमध्ये जाऊन बसल्या. मी मात्र आप्पांवर तुटून पडले. "आप्पा, हे वर्कशॉपमध्ये करता आलं नसतं? सगळ्यांदेखत कशाला? दीड वर्षाची मेहनत होती आमची!"

"माजी न्हवती व्हय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते उसाची चिपाडं पान्ह्यातून काढत होते. "ताई, तुमी 'थांबतं' म्हनला, तवा मलाबी वाटलं, थांबत आसंल. मंग मनात आलं, बघितलंय कुनी? आन ती मानसं उद्या ह्येच सांगून आपल्या गड्यांचं हात आत घालाया लावनार."

मग तिथंच मातीत बसून त्यांनी मला आटपाडीची ती दुपार सांगितली. लिव्हर कुणाच्या हातात होती तेही. तोवर मला ते ठाऊक नव्हतं. "त्या दिशी मलाबी वाटलंच हुतं, हात निघालाय म्हनून," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर क्षमाताईंनी गाडी चालवत एकदाच विचारलं, "भार्गवी, तू ते तपासलं नव्हतंस?"

"नाही."

"मीही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा कामाला लागलो. मी प्रोग्रॅम मुळापासून बदलला. आता मुकादम दर क्षणी बाकीच्या तिघींना हाक मारतो. हाक ऐकू आली नाही, तर प्रत्येक पेटी आपली आपण जिथल्या तिथं गोठते. कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. मला वाटलं, झालं. आप्पा म्हणाले, "थांबनं येगळं आन सोडनं येगळं, ताई. मुकादम मेला म्हनून पकडीनं रॉड सोडला, तर खालचा मानूस जातोय की."

म्हणून पकडही बदलली. आधी ती तेलाच्या दाबानं मिटायची. आता ती दणकट स्प्रिंगनं कायम मिटलेली असते, उघडण्यासाठी दाब लागतो. वीज गेली, तेल गेलं, तार तुटली, काहीही झालं तरी मूठ मिटलेलीच राहते. हे करायला पाच महिने लागले.

या पाच महिन्यांत एक दिवस आप्पा सिद्धूला वर्कशॉपमध्ये घेऊन आले. अपघातानंतर तो गावातून फारसा हललाच नव्हता. आत आला, पण चाचणीसाठी उभ्या केलेल्या गाडीच्या सांगाड्यापासून दहा पावलं लांब, भिंतीला टेकून उभा राहिला. उजवा हात खिशात. आप्पांनी त्याला जवळ ये असंही म्हटलं नाही. ते एकेक तार उपटत होते, पेट्या थांबतात का बघत होते, ऊस बदलत होते. अर्ध्या-पाऊण तासानं सिद्धू भिंतीपासून सुटला.

"दाजी, तुमी सारखी तीच वायर वडताय. ती भुजंची खालची वडा की."

"तूच वड की गड्या."

सिद्धूनं डाव्या हातानं ओढली. भुजा जागच्या जागी थांबली. त्यानं परत जोडून परत ओढली. त्या दिवसापासून तारा तोडायचं काम त्याचं. आम्हाला सुचणार नाही अशा अशा ठिकाणी त्यानं त्या तोडल्या. पाणी ओतलं, चिखल भरला, बॅटरीची पट्टी अर्धवट सैल करून ठेवली. त्यानं आमच्या तीन चुका पकडल्या. आज आमच्या पेट्या गिऱ्हाइकाकडं जाण्याआधी सिद्धूच्या हाताखालून जातात, आणि त्याला नाही पटलं तर क्षमाताईंनाही त्या पाठवता येत नाहीत.

दुसऱ्या वेळी मालकांना बोलावलं तेव्हा निम्मेच आले. पण तासगावकडचे ते वयस्कर मालक सगळ्यांच्या आधी हजर होते. त्यांनी स्वतःच्या हातानं तार उपटली. उसाला ओरखडाही आला नाही. ते आप्पांना म्हणाले, "मागल्या टायमाला तुमी आपल्याच मालाचं वाटुळं समद्यांदेखत केलं. तवाच ठरवलं, घ्यायचं तर ह्या मानसाकडनं." त्यांनी आधी फक्त पकड आणि पान्हा घेतला. भुजा पुढच्या वर्षी.

सगळंच गोड झालं असं नाही. गाड्यांवरचे लोक घाबरले होते. रॉड यंत्रानं जोडला तर आमचं काय? आप्पांनी दादासोंपाशी शब्द टाकला, की पेट्या बसवा, पण माणूस काढू नका. एकाला मुकादमापाशी बसवा, एकाला देखभाल शिकवा. दादासोंनी ऐकलं. बाकीच्या सगळ्याच मालकांनी ऐकलं नाही. आप्पांच्याच गावचे दोघं कामावरून गेले. त्यातला एक कराडला ट्रकवर लागला, आणि तो अजून आप्पांशी बोलत नाही. आप्पा ते लपवत नाहीत. "त्येचं काय चुकलं?" म्हणतात. दर दिवाळीला त्याच्या घरी जाऊन येतात. तो आत बसून राहतो, त्याची आई आप्पांना चहा देते.

असाच एका मार्चमध्ये वर्कशॉपच्या फोनवर जतकडून फोन आला. मल्लाप्पा नावाचा ऑपरेटर, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा, भयंकर चिडलेला. मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"तुमचं मशीन बंद पडलंय! मधीच थांबलं. रॉड हवेत लटकतोय. दोन तास झालं, पार्टी बोंबलतीया!"

आप्पा जवळ सरकले. "मल्लाप्पा, मी धुळा बोलतोय. भुजंची वायर बघ बरं."

थोडा वेळ नुसता कॉम्प्रेसरचा घरघराट. "बाभळीच्या फांदीला अडकून तुटलीया. पन एका वायरीनं आख्खं मशीन बंद पडतंय व्हय? कसलं मशीन हे?"

"थांबलं तवा तू कुठं हुतास?"

"गाडीवरच की."

"गाडीवर कुठं?"

पलीकडं कॉम्प्रेसर बंद केल्याचं ऐकू आलं.

"हात कुठं हुता रं?" आप्पांनी हळू विचारलं.

मग मल्लाप्पाचा आवाज आला, आता अगदी खाली गेलेला. "आट्यात खडा बसला हुता, आप्पा. काढाया गेलो हुतो. हात... आतच हुता."

सिद्धू हातातली पक्कड तशीच धरून उभा होता. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "बस जरा खाली. पानी पी. वायर आमी घेऊन येतोय, गडबड करू नगंस." फोन ठेवून ते बाहेर गेले. नळावर बराच वेळ तोंड धूत होते. सिद्धू त्यांच्यामागं गेला. दोघं काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. अर्ध्या तासात दोघं वायर घेऊन जतच्या एसटीत बसले.

आता वडूजला आप्पांची एक शेड आहे. तिथं ऑपरेटर शिकायला येतात, कुणी माणचे, कुणी जतचे, परवा सोलापूरकडचे चौघे आले होते. पेट्यांवर स्वतःचं नाव घालायला ते तयार झाले नाहीत. क्षमाताईंनी फार आग्रह धरल्यावर म्हणाले, घालायचंच तर चारी बाजूंनी 'हात घालू नका' असं मोठ्या अक्षरात घाला. तसं घातलंय, मराठीत आणि कानडीत.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा मला फोन आला, मेढ्याला या म्हणून. घाटरस्त्याची दरड बांधायचं काम चालू होतं. डोंगराच्या पोटात लांब भोकं पाडून त्यात लोखंडी गज रोवतात. त्यासाठी ड्रिलचं यंत्र कड्याच्या अगदी खाली लावलेलं, आणि माणसं त्या कड्याखाली उभं राहून हातानं रॉड जोडत होती. वरून पाणी गळत होतं, मधूनच मूठभर खडे खाली येत होते. ठेकेदाराच्या कुणीतरी नातेवाइकानं आप्पांचं नाव सांगितलं होतं.

आप्पा डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं घेऊन रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. चौपन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघताच म्हणाले, "या ताई. आजवर आपन खाली भोकं पाडली. हितं आडवं पाडायचंय. रॉड आडवा झाला की त्येचं वजन कुठं जातंय, सांगा बरं?"

"पकडीच्या एका बाजूला," मी म्हणाले.

"मंग स्प्रिंग पुरंल का?"

"माहीत नाही, आप्पा. करून बघावं लागेल."

ते खूश झाले. दोरी काढून तिचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही भर पावसात यंत्राची लांबी मोजायला लागलो.